बुडता बुडता वाचलेला मुलगा

उन्हाळ्याची सुटी लागली की वस्तीतल्या मायभगिनी आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. "दादा, पोरगं पोहायला जायचं म्हणतंय. पाठवू का? जिवाला घोर लागतो." घरात कुणालाच पोहता येत नसते. आजोबांना येत नव्हते, वडिलांना येत नाही. कधीकाळी भावकीतले एखादे पोर खाणीच्या पाण्यात नाहीतर नदीच्या डोहात गेलेले असते. तेव्हापासून घरात एकच शिकवण चालत आलेली असते : पाण्याच्या काठालाही जाऊ नको.

"पाठवा" एवढे उत्तर देऊन आम्हाला मोकळे होता आले असते. पण नुसत्या उपदेशाने भीती जात नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. म्हणून आज या पानावर एका आईची आणि तिच्या मुलाची हकीकत सांगतो. हकीकत अमेरिकेतली आहे. मुलगा काळा, कृष्णवर्णीय. त्याचे नाव कलन जोन्स. तुर्कस्तानातील इझमीर शहरात २००५ च्या ऑगस्ट महिन्यात जगभरातल्या विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धा भरल्या होत्या. तिथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत या मुलाने सुवर्णपदक जिंकले.

यात विशेष ते काय, असे कुणी म्हणेल. विशेष हे की हा मुलगा पाच वर्षांचा असताना पाण्यात बुडाला होता.

आईने काय केले?

कलनचा जन्म २९ फेब्रुवारी १९८४ चा, न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स भागातला. पुढे कुटुंब शेजारच्या न्यू जर्सी राज्यात अर्व्हिंग्टन इथे राहायला गेले. पाच वर्षांचा असताना आईवडील त्याला पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका जलक्रीडा उद्यानात घेऊन गेले. हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर बसायचे, उंचावरून घसरत यायचे आणि खाली पाण्यात येऊन पडायचे, असा तिथला एक खेळ. पुढे वडील गेले, मधे कलन, मागून आई. ट्यूब घट्ट धरून ठेव, एवढे पोराला बजावले होते.

खाली येताच ट्यूब उलटली. पोराने सांगितलेले ऐकले. त्याने ट्यूब सोडली नाही, आणि त्यामुळेच त्याचे डोके पाण्याखाली राहिले. बाहेर काढले तेव्हा तो बेशुद्ध होता. छाती दाबून, श्वास देऊन त्याला शुद्धीवर आणावे लागले. शुद्धीवर आल्यावर त्याने विचारले, आता पुढच्या कोणत्या खेळाला जायचे?

आपल्या घरात असे घडले असते तर आपण काय केले असते? पोराला पोटाशी धरून घरी आणले असते, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या आणि पाण्याचे नाव काढायचे नाही अशी ताकीद दिली असती. आईच्या मायेला कुणी नावे ठेवू नयेत. पण कलनच्या आईने वेगळा विचार केला. आज मी सोबत होते, उद्या नसेन. त्या वेळी हा कुणाच्या भरवशावर तरंगणार? पुढच्याच आठवड्यात तिने मुलाचे नाव पोहण्याच्या वर्गात घातले. भीती तिलाही वाटलीच असणार. ती भीती तिने मुलाच्या पदरात टाकली नाही.

पाण्यावरचा पहारा

अमेरिकेतल्या काळ्या घरांत पाण्याची भीती आली कुठून, हे समजून घेतले पाहिजे. ती रक्तातून आलेली नाही. ती पाण्याभोवती उभ्या केलेल्या पहाऱ्यातून आली.

२७ जुलै १९१९ रोजी शिकागो शहरात, मिशिगन सरोवराच्या काठी, सतरा वर्षांचा युजीन विल्यम्स मित्रांबरोबर पाण्यात उतरला होता. पाण्यात कुठे भिंत नव्हती. पण अमुक बाजू गोऱ्यांची आणि तमुक बाजू काळ्यांची अशी एक न दिसणारी रेघ होती. तरंगत तरंगत हा मुलगा रेघेपलीकडे गेला. काठावरच्या एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडून मेला. त्यावरून जी दंगल पेटली तीत ३८ माणसे मेली, त्यातली २३ काळी होती.

पुढे शहरांनी मोठमोठे सार्वजनिक तरण तलाव बांधले. स्त्रीपुरुष तिथे एकत्र पोहू लागले आणि काळ्यांना दारातून मागे वळवले जाऊ लागले. १९४९ साली सेंट लुईस शहराने एक मोठा तलाव काळ्यांना खुला केला, तर पहिल्याच दिवशी गोऱ्यांच्या जमावाने काळ्या पोरांना मारहाण केली. १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन गावी काही काळे आणि गोरे कार्यकर्ते सत्याग्रह म्हणून एका हॉटेलच्या तलावात उतरले. हॉटेलच्या मालकाने तलावात अ‍ॅसिड ओतले. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराने तर कमालच केली. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र पोहावे लागेल असे दिसताच नगरपालिकेने तलावच बंद केले. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

वाचकांना हे वाचताना महाड आठवले असेल. आठवलेच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि माणसांना बंदी होती. सत्याग्रहानंतर तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. त्या तळ्यावरचा आपला हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करीपर्यंत १९३७ चा मार्च महिना उजाडला. दोन्ही देशांतल्या दुःखांचे हे साम्य बाबासाहेबांनी ओळखले होते. अमेरिकेतील काळ्यांचे विचारवंत डु बॉइस यांना १९४६ साली पाठवलेल्या पत्रात त्यांनी अस्पृश्यांची आणि तिथल्या काळ्यांची स्थिती किती मिळतीजुळती आहे, हे लिहिले होते.

आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. गावची पोरे पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत उतरत, मुटके मारत, सूर मारत. आपली पोरे लांबच्या बांधावर उभी राहून बघत. जिथे पाण्याला शिवायची चोरी, तिथे पोहायला शिकायचे कुठे? आणि ज्याला शिकायला मिळाले नाही, तो आपल्या पोराला काय शिकवणार? तो पोराला भीतीच शिकवणार. कोळीवाड्यातले पोर चालायला लागल्याबरोबर पाण्यात खेळते. त्याचे शरीर काही निराळ्या मातीचे नसते. त्याच्या दारात पाणी असते आणि घरात शिकवणारा असतो, एवढाच फरक.

'हाडेच जड असतात'

एखाद्याला पाण्याबाहेर ठेवायचे आणि मग तो पोहत नाही म्हणून त्याच्या शरीरातच खोट काढायची, ही रीत आपल्याला नवी नाही. शिक्षणाच्या बाबतीत आपण हेच ऐकत आलो. अमेरिकेत काळ्यांची हाडे जड असतात, ते तरंगू शकत नाहीत, असे शिकलेले लोकही बोलत. १९८७ साली तिथल्या एका मोठ्या बेसबॉल संघाच्या अधिकाऱ्याने दूरदर्शनवरच्या मुलाखतीत हे जाहीरपणे बोलून दाखवले. त्यावरून गदारोळ झाला आणि त्याला पद सोडावे लागले.

उत्तर दुसऱ्याच वर्षी पाण्यातून आले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या चिमुकल्या देशाच्या अँथनी नेस्टी या काळ्या तरुणाने १०० मीटर बटरफ्लाय शर्यतीत अमेरिकेच्या मॅट बियाँडीला हरवून सुवर्णपदक जिंकले. एक ५३.०० सेकंद, दुसरा ५३.०१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने जड हाडांचे शास्त्र बुडाले! हाच नेस्टी पुढे अमेरिकेत प्रशिक्षक झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला.

नेस्टी जिंकला त्या वर्षी न्यू जर्सीतला कलन चार वर्षांचा होता.

विद्यापीठांचा आखाडा

पोहण्याच्या वर्गात गेलेला कलन वाढत गेला. शाळेत पोहला. सोळा वर्षांचा असताना वडील कर्करोगाने गेले. आईने धीर सोडला नाही, मुलाने पाणी सोडले नाही. पुढे तो नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात दाखल झाला. अमेरिकेत बहुतेक मोठे जलतरणपटू विद्यापीठांतूनच घडतात. तलाव विद्यापीठाचा, प्रशिक्षक विद्यापीठाचा, शर्यती विद्यापीठांच्या आपसातल्या. सकाळी पाणी, दिवसा वर्ग, संध्याकाळी पुन्हा पाणी. २००६ साली विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही पन्नासच्या शर्यतीत तो पहिला आला.

अशा विद्यार्थ्यांना ऑलिंपिकच्या अगोदर साऱ्या जगाशी झुंजायला मिळते ते जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत. या स्पर्धेचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९२३ साली झाँ पेतिझाँ या फ्रेंच गृहस्थांच्या पुढाकाराने पॅरिसला विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या. पहिले महायुद्ध संपून तेव्हा पाचच वर्षे झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, आंतरराष्ट्रीय विद्यापीठ क्रीडा महासंघ स्थापन झाला. पण जग दोन गटांत वाटलेले होते, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या स्पर्धाही वेगवेगळ्या होऊ लागल्या. १९५७ साली पॅरिसमध्ये दोन्हीकडचे विद्यार्थी पुन्हा एकत्र आले आणि १९५९ साली इटलीतील तुरिन शहरात 'युनिव्हर्सियाड' या नावाने नवी सुरुवात झाली. त्या पहिल्या स्पर्धेला ४५ देश आले. पोहण्याच्या शर्यती तेव्हापासूनच कार्यक्रमात आहेत.

तुरिनमध्ये एक चांगला पायंडा पडला. पदक देताना विजेत्याच्या देशाचे राष्ट्रगीत न वाजवता विद्यार्थ्यांचे एक जुने लॅटिन गीत वाजवायचे ठरले. देश कोणताही असो, व्यासपीठावर उभा राहतो तो विद्यार्थी. आम्हाला ही कल्पना फार आवडते.

ही स्पर्धा कच्च्या खेळाडूंची आहे असे मात्र कुणी समजू नये. २०२१ ची चीनमधील चेंगडूची स्पर्धा साथीमुळे लांबत लांबत २०२३ साली झाली. तिथे चीनच्या झांग युफेई या ऑलिंपिक विजेत्या मुलीने एकटीने पोहण्यात नऊ सुवर्णपदके घेतली. आपल्या देशाने त्याच स्पर्धेत ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली. त्यात नेमबाज आणि तिरंदाज आघाडीवर होते. पाण्यातले पदक एकही नव्हते. २०२५ ची स्पर्धा जर्मनीत झाली, तिच्यातल्या पोहण्याच्या शर्यती बर्लिनला झाल्या.

पन्नास मीटर म्हणजे काय?

आता इझमीरच्या त्या शर्यतीकडे येऊ. पन्नास मीटर म्हणजे मोठ्या तलावाची एक लांबी. इकडच्या भिंतीवरून सूर मारायचा आणि तिकडच्या भिंतीला हात लावायचा. मधे वळण नाही. चांगला पुरुष पोहणारा हे अंतर साधारण बावीस सेकंदांत कापतो. आपण बसस्टॉपवर सुटे पैसे मोजतो तेवढ्या वेळात शर्यत संपलेली असते.

पण या बावीस सेकंदांना चूक परवडत नाही. इशाऱ्याआधी अंग हलले तर शर्यतीतून बाद. सूर मारल्यावर पाण्याखालून जास्तीत जास्त पंधरा मीटर जाता येते, पुढे डोके वर आलेच पाहिजे. श्वास घ्यायला मान वळवली की वेग तुटतो, म्हणून कित्येक जण एखादाच श्वास घेतात, कुणी तर तोही घेत नाही. शेवटी भिंतीवर पाटी असते. तिला बोट लागताच घड्याळ थांबते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ दाखवते.

अंतिम फेरीत आठ जण, आठ रांगा. उपांत्य फेरीत ज्याची वेळ सर्वांत चांगली त्याला मधली चौथी रांग मिळते. त्यानंतरच्यांना पाचवी, तिसरी, सहावी, दुसरी, सातवी, पहिली आणि सर्वांत मागच्याला आठवी. आम्हाला या वाटपाचे अप्रूप वाटते. इथे कुणाचा मुलगा, कुठल्या वस्तीतला, कोणत्या रंगाचा, हे कुणी विचारत नाही. रांग मिळते ती वेळेवर. घड्याळाला जात कळत नाही.

पण घड्याळापर्यंत पोहोचायला आधी पाण्यापर्यंत पोहोचावे लागते. कलनच्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी मुलांना घड्याळाने हरवले नाही. त्यांना फाटकावरच परत पाठवले होते. २००५ साली इझमीरमध्ये त्याचा हात भिंतीला सर्वांत आधी लागला, तेव्हा तो नुसता वेगवान मुलगा जिंकला नव्हता. पाच वर्षांच्या बुडालेल्या पोराला पुन्हा पाण्यात उतरवणारी आई जिंकली होती.

पुढे काय झाले?

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००६ मध्ये, कॅनडातील व्हिक्टोरिया इथे मायकेल फेल्प्स, नील वॉकर आणि जेसन लेझाक यांच्याबरोबर कलनने चार बाय शंभर मीटरच्या सांघिक शर्यतीत जागतिक विक्रम केला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये याच शर्यतीत तो तिसऱ्या टप्प्यात पोहला आणि अमेरिकेच्या संघाने फ्रान्सला अवघ्या आठ शतांश सेकंदांनी मागे टाकून सुवर्ण घेतले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटरच्या त्याच्या आवडत्या शर्यतीत त्याला रौप्यपदक मिळाले. २०१६ साली रिओला सिमोन मॅन्युएल ही स्टॅनफर्ड विद्यापीठाची काळी विद्यार्थिनी शंभर मीटरमध्ये कॅनडाच्या मुलीबरोबर सुवर्णाची मानकरी ठरली.

पण आम्हाला कलनचे मोठे काम वेगळेच वाटते. बीजिंगच्या पदकानंतर तो गावोगाव फिरू लागला. शाळांत जायचा, तलावांवर जायचा, काळ्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सांगायचा : मी बुडालो होतो, तुम्ही शिका. त्याची गरजही तशीच होती. अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली प्रसिद्ध केलेला हिशेब असा : १९९९ ते २०१० या काळात ५ ते १९ वर्षांच्या काळ्या मुलांचे तरण तलावात बुडून मरण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांच्या साडेपाच पट होते. कायद्याने फाटक उघडून कित्येक वर्षे झाली होती, तरी घरातली भीती अजून पोरांचे जीव घेत होती.

आपल्या घरात

म्हणून मायभगिनींनो, तुमच्या प्रश्नाचे आमचे उत्तर हे आहे. पाठवा. पण असेच नदीवर, खाणीवर, विहिरीवर पाठवू नका. शहरात महापालिकेचे तरण तलाव आहेत. पुष्कळ जिल्ह्यांच्या ठिकाणी क्रीडा संकुलात तलाव आहेत. तिथे शिकवणारा असतो, जीवरक्षक असतो. चौकशी करा, सुटीतल्या वर्गाचा अर्ज वेळेवर भरा. पहिले काही दिवस स्वतः जाऊन काठावर बसा. पोर आधी पाण्यात तोंड घालून श्वास सोडायला शिकेल, मग तरंगायला, मग हातपाय मारायला. गटांगळ्या खाईल. खाऊ द्या.

मुलींना घरी ठेवू नका. कपड्यांवरून शेजारी चार शब्द बोलतील. पूर आला, बस पाण्यात गेली, तर ते शेजारी मुलीला वर काढायला येणार नाहीत. आणि जमले तर स्वतःही शिका. बऱ्याच ठिकाणी बायकांसाठी वेगळी वेळ असते. आई पाण्यात उतरली की पोराची निम्मी भीती तिथेच जाते.

दुसरी गोष्ट. कुणी बुडताना दिसले तर पोहता येत नसताना उडी घेऊ नका. एकामागे एक चौघे गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दोर, काठी, साडी, बूच लावलेला रिकामा कॅन, जे हाती लागेल ते त्याच्याकडे टाका आणि आरडाओरडा करून माणसे गोळा करा.

ज्यांची मुले चांगली पोहतात त्यांनी महाविद्यालयात गेल्यावर क्रीडा शिक्षकांना अवश्य भेटावे. महाविद्यालयातून विद्यापीठाचा संघ, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि त्यातून निवडले गेले तर भारतीय विद्यापीठांचा संघ, अशी ही वाट आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवले. १९८६ नंतर पोहण्यात भारताला मिळालेले ते पहिले आशियाई पदक. कोल्हापूर काही समुद्रकाठी नाही.

खोटी आशा मात्र आम्ही लावणार नाही. स्पर्धेचे पोहणे खर्चाचे आणि कष्टाचे आहे. पहाटे उठणे, दोन वेळचा सराव, चांगले अन्न, प्रवास, हे कामगाराच्या घराला सोपे नाही. शंभरातल्या एखाद्यालाच पदक लागेल. उरलेल्या नव्याण्णवांना काय मिळेल? त्यांना त्यांचा जीव मिळेल, आणि त्यांच्या पोरांना पोहता येणारे आईबाप मिळतील.

आपल्या वाडवडिलांनी पाण्यापर्यंत जाण्यासाठी लाठ्या खाल्ल्या. ते पाणी आपण मिळवले. आता त्यात उतरायला शिकण्याचे काम तेवढे राहिले आहे. या सुटीत एका घरातून एक पोर जरी तलावावर गेले, तरी हा लेख कारणी लागला असे आम्ही समजू.